मेणवलीचा वाडा ताठ उभा आहे, मग आमचा का खचतोय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोरेगाव तालुक्यात तुमचा दोन चौकांचा वडिलोपार्जित वाडा आहे. दिवाळीत घरच्यांना घेऊन वाईला गेलात, तिथून मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघितलात आणि मनात आलं, हा एवढा जुना असून उभा आहे, मग त्याच्याहून शंभर वर्षांनी लहान असलेल्या आपल्या वाड्याच्या भिंती का फुगल्यात? ठेकेदारानं सल्ला दिलाय की मातीचा गिलावा खरवडून सिमेंट करा, मधे चार आरसीसी कॉलम घ्या, कौलं उतरवा आणि स्लॅब टाका. भावकीत दोन मतं आहेत. वडिलांना मात्र वाडा आहे तसा राहायला हवाय.

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत माझी सत्तावीस वर्षं गेली. त्यातली निम्मी सातारा जिल्ह्यातच. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागून. स्लॅब टाकू नका. सिमेंट लावू नका. आणि येत्या पावसाच्या आत छपराचं पाणी वाड्यापासून लांब जाईल एवढं करा. जुनी वायरिंग सोडली तर बाकीचं काम वर्षभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

आता कारणं. ती मेणवलीवरूनच सांगतो, कारण तुम्ही तो वाडा नुकताच डोळ्यांनी बघितलाय आणि तिथं प्रत्येक गोष्टीचा दाखला हाताशी आहे.

मेणवली वाईपासून तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी. १७६८च्या सुमारास औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नानांना दिलं. नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, मूळचे कोकणातल्या वेळासचे, जन्म १७४२चा. म्हणजे गाव हातात आलं तेव्हा वय पंचविशीच्या आसपास. त्यांनी तिथं निव्वळ एक घर नाही बांधलं. गावाची आखणी केली, बलुतेदार आणून वसवले, नदीला घाट बांधला, घाटावर महादेवाचं आणि विष्णूचं देऊळ उभं केलं आणि या सगळ्याच्या मधोमध सहा चौकांचा वाडा घातला. पुण्यात शनिवारवाड्याजवळ १७८०मध्ये त्यांनी राहायला बांधलेला नानावाडाही आज आहे. पण तो कारभाराच्या गर्दीतला वाडा. मेणवलीचा वाडा नदीकडे बघत शांत बसलेला आहे, आणि नानांच्या स्वभावातली नेटकी बाजू मला तरी तिथंच जास्त दिसते.

पुढचा इतिहास बांधकामाइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून तो सांगतो. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना गेले. मागं राहिली त्यांची अगदी कोवळ्या वयाची पत्नी जिऊबाई. दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात नानांच्या घरच्यांना आसरा नव्हता. जिऊबाईंना नजरकैद भोगावी लागली, मग लोहगडावर राहावं लागलं. १८०४मध्ये इंग्रजांच्या जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीनं त्यांना वर्षाला बारा हजार रुपयांची नेमणूक मिळाली आणि त्या पनवेलला जाऊन राहिल्या. पेशवाई बुडाल्यावर मेणवली त्यांना परत मिळाली. तिथं त्या १८५४पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिल्या. वाडा आजही नानांच्या घराण्याकडेच आहे.

मला या कहाणीतला शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो. एका विधवा बाईनं तीसेक वर्षं या वाड्यात दिवा लावला. सारवण झालं, पावसाआधी कौलं चाळली गेली, चौकाची मोरी मोकळी राहिली, कोठीत धान्य आलं आणि कोठीला हवा मिळाली. वाडा बंद करून कुलूप घातलं, की त्याचं आयुष्य किती झपाट्यानं संपतं हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की मोजदाद ठेवली नाही. चांगलं सागवान असलेला वाडा दहा पावसाळे बंद राहिला तर त्याचा जीव जातो. तोच वाडा माणसांनी वापरला तर शंभर वर्षं सहज काढतो. तुमच्या वाड्याचा मागचा चौक किती वर्षं बंद आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण फुगलेली भिंत तिकडेच असणार असा माझा अंदाज आहे.

आता बांधणी. पुन्हा मेणवलीला गेलात तर आत शिरायची घाई करू नका. बाहेर थांबून आधी जोतं बघा. काळ्या घडीव दगडाचं जोतं जमिनीपासून चांगलं उंच घेतलेलं असतं, त्याच्या वर विटेचं किंवा मातीचं काम सुरू होतं. आपला काळा दगड पाणी पीत नाही. वीट पिते, माती त्याहून जास्त पिते. जमिनीतली ओल वर चढत चढत दगडापाशी आली की तिथंच अडते. म्हणजे आज आपण ज्याला डीपीसी म्हणतो ती ओल अडवणारी पट्टी आपल्या पूर्वजांनी सबंध जोत्याच्या रूपात बांधून ठेवली होती. तुमच्याकडे काय झालंय? गल्लीत दर पाच-दहा वर्षांनी नवा रस्ता झाला, डांबरावर डांबर चढलं, मग काँक्रीट आलं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या दिंडी दरवाज्याच्या तीन पायऱ्यांपैकी एकच वर दिसतेय. दोन पायऱ्या रस्त्याच्या पोटात गेल्या, म्हणजे तुमचं दोन पायऱ्यांचं जोतंही गेलं. रस्त्याचं पाणी आता थेट विटेला लागतंय.

आत आल्यावर खांब बघा. प्रत्येक खांबाच्या खाली दगडी तळखडा असतो. लाकूड कधीच जमिनीला टेकत नाही. तळखड्यावर खांब, खांबावर लग, लगीवर तुळई ही जाड आडवी लाकडं, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या. यालाच आपण कडीपाट म्हणतो. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि जुनी माणसं घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. पाच खणी सोपा, सात खणी माजघर. हे शब्द उगाच आलेले नाहीत. घर खांबांवर उभं होतं म्हणूनच ते खणांनी मोजलं जात होतं. भिंत ही फक्त भर होती, ऊन-वारा-चोर अडवणारी.

हे नीट समजलं तर तुमच्या ठेकेदाराची अर्धी भीती कमी होईल. भिंत फुगली म्हणजे वाडा पडला असं नसतं. अशी मातीची भिंत काढून पुन्हा भरता येते, वरचं छप्पर त्या काळात खांबांवर तसंच राहतं. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पाहणी करणाऱ्यांना हेच दिसलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, पण ज्या घरांत छपराचं ओझं लाकडी खांबांवर होतं तिथं भिंती बाहेर पडूनही छप्पर उभं राहिलेलं होतं. खांब-तुळईचे जोड कुसू (लाकडाची पुढं काढलेली जीभ) आणि खाचेचे असतात, त्यांत किंचित हालायला वाव असतो. धक्का बसला की चौकट कुरकुरते, झुकते आणि परत जागेवर येते.

आता या चौकटीत चार आरसीसी कॉलम मधेच घुसवले तर काय होईल? काँक्रीट हलत नाही, लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दोघांना एकाच तुळईखाली उभं केलं की सगळं ओझं न हलणाऱ्यावर येतं आणि शेजारचा खांब मोकळा पडतो. मग तो डुलायला लागतो. दोन-तीन पावसाळ्यांत कडीपाटाला लाटा आलेल्या मी पाहिल्यात. आणि स्लॅब? पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. मंगलोरी कौलं, वासे, पट्ट्या असं सगळं धरून तुमच्या छपराचं वजन साठ-सत्तर किलोच्या आसपास असेल. चौपट ओझं या जुन्या वाड्यावर ठेवून त्याला मजबुतीकरण कसं म्हणायचं?

भिंतीकडे येतो. वाड्याच्या भिंती जाड असतात, कधी दोन हात, कधी त्याहून जास्त. त्यात कोनाडे, फडताळं, खुंट्या, काही ठिकाणी भिंतीच्या पोटातून चढणारा एक माणूस जाईल एवढाच जिना. बाहेरून दगड किंवा वीट, आत पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणातली, माती, वर चुन्याचा गिलावा. ही भिंत ओली होते आणि सुकते. पावसाळ्यात थोडं पाणी आत घेते, हिवाळ्याच्या उन्हात बाहेर सोडते. दोनशे वर्षं तिचा हा श्वास चालू असतो. चुना तिला श्वास घेऊ देतो.

इथं माझी एक चूक सांगायलाच हवी. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका वाड्याच्या ओसरीची भिंत खालून तीन फूट पोपडे धरत होती, लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षार, लागला होता. चुना मळायला वेळ नव्हता, लग्न तोंडावर होतं, आणि मीच मालकांना म्हणालो की खालच्या तीन फुटांना सिमेंटचा हात मारू. भिंत छान दिसली, लग्न झालं. तीन वर्षांनी त्यांनी मला बोलावलं, ओसरीचा कोपऱ्याचा खांब दोन बोटं खाली बसला होता. तो खांब भिंतीत अर्धा बुजलेला होता, बाहेरून दिसत नव्हता. आम्ही सिमेंट फोडलं. मागची माती हातात घेतली तर लाडवासारखी वळत होती, एवढी ओली. आणि खांबाचा पाय, जुनं, काळपट, तुपासारखं चमकणारं सागवान, बोटानं दाबलं तर भिजलेल्या भाकरीसारखं आत गेलं. कुबट वास आला. दीडशे वर्षं कोरडा राहिलेला खांब मी तीन वर्षांत कुजवला होता. जमिनीतली ओल आधी चुन्यातून बाहेर पडत होती, पोपडे धरले ते त्याचंच लक्षण होतं. मी तिचा रस्ता बुजवला, तिनं लाकडाचा रस्ता धरला. त्या मालकांनी मला एक शब्दानं दुखावलं नाही. खांबाचा पाय मी माझ्या खर्चानं बदलून दिला, पण जुना पाय काही परत आला नाही.

त्यानंतर चुन्याशिवाय मी काम केलेलं नाही. चुना म्हणजे दुकानातली पांढरी पावडर नाही. कळीचा चुना आणायचा, हौदात पाण्यात विरवायचा, निदान काही आठवडे तसाच भिजू द्यायचा. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, घालून घाणीत मळायचा. घाणी तुम्ही जुन्या किल्ल्यांवर पाहिली असेल, गोल दगडी चर आणि त्यात बैलानं फिरवायचं दगडी चाक. हल्ली आम्ही मोटरवरची घाणी वापरतो. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर पडतो. गूळ-बेलानं चुना चिकट होतो आणि हाताखाली छान पसरतो. सुरखीमुळं त्याला पाण्यातही धरायची ताकद येते. लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत हळूहळू पुन्हा दगड होत जातो, वर्षानुवर्षं. बारीक भेग पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्याच भेगेत पुन्हा बसतो आणि ती भरून येते. सिमेंट विटेपेक्षा टणक, म्हणून भिंत हलली की तडा विटेत जातो. चुना विटेपेक्षा मऊ, म्हणून तडा चुन्यात जातो, आणि चुना पुन्हा लावता येतो.

मेणवलीतला एक पुरावा तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकांना मेणवली दफ्तर माहीत असतं. नानांच्या कारभाराची हजारो कागदपत्रं या वाड्यात सांभाळली गेली आणि पुढं अभ्यासकांच्या हाती आली. कृष्णा अगदी पायाशी, वर महाबळेश्वर-पाचगणीचे डोंगर, चार महिने ढगांचा मुक्काम. अशा ठिकाणी हातकागदावरची मोडी वाचता येईल अशी राहिली! ओल मोजायचं यंत्र आज बाजारात मिळतं, पण कागदाइतकं खरं बोलणारं यंत्र नाही. कागदाला बुरशी लागली नाही याचा अर्थ त्या खोलीची भिंत कोरडी होती, छपरातून पाणी येत नव्हतं आणि हवा खेळती होती. तुमच्या घरात जुनी कागदपत्रं, पोथ्या कुठल्या खोलीत ठेवल्यात ते बघा. जिथं त्या चांगल्या राहिल्यात ती खोली वाड्यातली सगळ्यात निरोगी खोली समजा, आणि ती तशी का आहे याचा शोध घ्या. उत्तर बहुतेक वेळा चौकाशी जाऊन पोचतं.

चौक म्हणजे मोकळी सोडलेली जागा, असं शहरातल्या माणसाला वाटतं, आणि वाटणीच्या वेळी पहिली नजर त्याच्यावरच जाते. चौकावर पत्रा टाकू, एक खोली वाढेल. असं करू नका, आणि भावकीतल्या कुणालाही करू देऊ नका. दुपारी चौकातली फरशी तापते, तिच्यावरची हवा वर उठते, आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूच्या सोप्यांतून, माजघरातून हवा ओढली जाते. म्हणून भर उन्हाळ्यात माजघरात पंखा नसतानाही झोप लागते. पावसात चारी बाजूंच्या पागोळ्या चौकात पडतात, फरसबंदीच्या उतारानं मोरीकडे जातात आणि मोरीतून बाहेर. मेणवलीला असे सहा चौक आहेत. पुढचे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आणि कचेरीचे, आतले घरच्यांचे, त्याच्यामागं कामाचे. माणूस जितका जवळचा तितका आतल्या चौकापर्यंत त्याला मोकळीक. तुमचे दोनच आहेत, पण नियम तोच.

भिंतींवरची चित्रं तुम्ही पाहिली का? मेणवलीत चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेली देवादिकांची चित्रं आहेत. वाईतल्या रास्त्यांच्या मोतीबागेतही आहेत. या भागात हे काम एके काळी बरंच झालेलं आहे. म्हणून तुमच्या दिवाणखान्यात चुन्याचे थरावर थर चढलेले असतील तर खरवडायला माणूस लावण्याआधी थांबा. एका कोपऱ्यात, हाताएवढ्या जागेत, बोथट सुरीनं एकेक पापुद्रा सोडवून बघा. खाली काव, म्हणजे तांबडा मातकट रंग, किंवा निळा रंग दिसला तर लगेच हात थांबवा आणि भित्तिचित्रांचं काम जाणणाऱ्याला बोलवा. दोन वेळा माझ्यासमोर असं झालंय. एकदा फक्त केळीच्या पानांची नक्षी निघाली, एकदा मोर.

घाटाविषयी थोडं, कारण वाडा आणि घाट ही तिथं एकच बांधणी आहे. वाड्याच्या मागून घाटावर उतरता येतं. पायऱ्यांचे टप्पे पाण्याच्या पातळीप्रमाणे पडलेले आहेत, पूर आला की तो एकेक टप्पा चढतो आणि त्याचा जोर मोडतो. जोत्याला नदी थेट धडकत नाही. घाटावरच्या छोट्या दगडी खोलीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, ही तशीच एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात. मी मात्र तिथं गेलो की घंटेआधी तिच्या वरचं दगडकाम बघतो. एवढं वजन, तेही झुलणारं, इतकी वर्षं तोलून धरणाऱ्या गवंड्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि त्याचा एकही सांधा उघडलेला नाही.

आता तुमच्या वाड्याकडे. काम कुठून सुरू करायचं ते क्रमानं सांगतो, पण पैसे येतील तसं करा, कर्ज काढून सगळं एका वर्षात उरकू नका. लाकडाला आणि चुन्याला घाई सोसत नाही.

पहिल्यांदा वीज. बहुतेक वाड्यांत कडीपाटाला खिळे मारून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वायरी नेलेल्या असतात, त्यावर उंदरांचे दात. लाकडी वाड्याचा खरा शत्रू आग. शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ला पेटला आणि आत जे सात मजली वैभव सांगतात त्याचं आज जोतं आणि तटबंदी उरलीय. १३ मे १८७९ला पुण्यात बुधवारवाडा जळून गेला आणि विश्रामबागवाड्यालाही आग लागली. तुमच्या घरातली वायरिंग पूर्ण काढा, नवीन वायरी धातूच्या नळीतून न्या, आणि स्वयंपाकाचा सिलिंडर माजघराच्या कडीपाटाखालून हलवा. हे आमच्या शास्त्रात येत नाही असं काही जण म्हणतात. माझ्या मते सगळ्यात आधी येतं.

त्यानंतर, मे संपायच्या आत, छप्पर. सगळी कौलं उतरवायची गरज नाही. फुटकी बदला, सरकलेली बसवा, आणि ज्या वाशाच्या टोकाशी काळा डाग दिसतो तिथं कौलं उचलून वासा तपासा. पन्हळी नसतील तर लावा, आणि पन्हळीचं पाणी नळीनं खाली आणून भिंतीपासून निदान सहा-सात फूट लांब सोडा. भिंतीच्या बुडाशी सोडलेली पन्हळ नसलेली बरी. रस्त्याच्या बाजूला, जोत्याला लागून, दोन फूट रुंद चर खणून घ्या, ग्रामपंचायतीची परवानगी काढून. त्यात खडी भरा, तळाला उतार द्या आणि पाणी गटारात न्या. बुजलेलं जोतं त्यामुळं पुन्हा मोकळा श्वास घेईल.

मग लाकूड. गावात जुना सुतार असेल तर त्याला मान देऊन बोलवा. आमच्याबरोबर काम करणारे एक सुतारकाका आधी खांबावर हात फिरवतात, मग लाकडी हातोडीनं खालून वर टकटक करत जातात, कान जवळ नेऊन. भरीव आवाज येतो तोवर बोलत नाहीत. जिथं आवाज बसका होतो तिथं खडूची रेघ मारतात. रेघेच्या खाली टोच्या घुसला तर तेवढाच भाग गेलेला असतो. सबंध खांब बदलायचा नाही. शेजारी टेकू देऊन तुळई तोलायची, कुजलेला पाय कापायचा, त्या जागी वाळलेल्या जुन्या सागाचा तुकडा खाचेच्या सांध्यानं जोडायचा आणि पुन्हा तळखड्यावर बसवायचा. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणारे व्यापारी जिल्ह्यात आहेत. नवीन लाकडापेक्षा ते बरं, कारण त्याचं आकसणं-फुगणं कधीच होऊन गेलेलं असतं. वाळवीचं औषध मारा, पण ओल थांबल्यानंतर. ओल तशीच ठेवून औषध मारलं तर पुढच्या पावसाळ्यात वाळवी परत येते.

फुगलेल्या भिंतीला सध्या फक्त धिरे द्या. लाकडी धिरा, तिरका, जमिनीत रोवलेल्या फळीला टेकवून. ती भिंत उतरवायची आणि भरायची वेळ दिवाळीनंतरची. तोपर्यंत एक पावसाळा चर आणि पन्हळींमुळं ती किती सुकते ते कळेल. भिंतीवर चुन्यात रोवलेली काचेची पट्टी तड्यावर आडवी चिकटवा, तारीख लिहून. पट्टी तुटली तर भिंत अजून हलतेय, शाबूत राहिली तर तडा जुना आणि थांबलेला आहे. निम्म्या भिंतींच्या बाबतीत ती शाबूत राहते आणि लाखभर रुपयांचं काम वाचतं.

चुन्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करा. भर उन्हात चुना लवकर सुकतो आणि भुसभुशीत होतो, पावसात धरत नाही. गिलावा झाल्यावर तीन आठवडे रोज पाणी शिंपडायचं, ओली पोती लावायची. याला घरातलं एक माणूस लागतं, मजूर हे करत नाही. तुमचे वडील वाड्यात राहतात म्हणालात. त्यांच्या हातात ही झारी द्या. मी बघितलेल्या सगळ्यात चांगल्या चुन्याच्या भिंती घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी शिंपलेल्या आहेत.

स्वयंपाकघर, संडास-न्हाणी हवी तशी नवीन करा, पण मागच्या परसात, वाड्याच्या भिंतीला न चिकटवता, मधे हातभर फट ठेवून. राहायला सोय नसेल तर पुढची पिढी वाड्यात राहणार नाही, आणि कुणी राहिलं नाही तर यातलं काहीच टिकणार नाही. जिऊबाईंनीही नानांच्या वेळचं सगळं जसंच्या तसं ठेवलं असेल असं मला वाटत नाही. त्या तिथं राहिल्या, एवढंच पुरेसं होतं.

तुमच्या ठेकेदाराला दुखवू नका. त्याला स्लॅब टाकता येतो, म्हणून तो स्लॅब सुचवतो. चर, पन्हळ, वायरिंग ही कामं त्यालाच द्या, तो ती नीट करेल. आणि मला काही फोटो हवेत. पुढच्या चौकातल्या चारही कोपऱ्यांच्या तळखड्यांचे जवळून एकेक, मागच्या चौकाच्या मोरीचा एक, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त गळतं तिथल्या वाशाच्या टोकाचा एक. काढण्याआधी तळखड्याभोवतीची माती आणि शेणाचं सारवण ब्रशनं झाडून घ्या, म्हणजे लाकूड दगडाला नेमकं कुठं टेकलंय ते दिसेल.